तालीममास्तर देवल

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात 'संगीत शारदा' या नाटकातील दोन प्रवेश करायचे ठरले. पेटी व तबला वाजवणारे विद्यार्थी होते, गाणारी मुलगी होती. माझा आवाज गाण्याच्या उपयोगाचा नाही. परंतु मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे देण्याघेण्याची बोलणी मला चांगली जमतील असे गमतीने म्हणत सर्वांनी मला कांचनभटाची भूमिका दिली. कांचनभट म्हणजे पैशासाठी आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप.

तालीम घ्यायला एक निवृत्त शिक्षक येत. पहिले आठ दिवस त्यांनी पेटीला हात लावू दिला नाही. पद म्हणायचे नाही, नुसते वाचायचे. वाक्य कुठे तोडायचे, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे कळेपर्यंत सूर बंद! शारदेचे काम करणारी मुलगी घरी कन्नड बोलणारी. तिचा गळा उत्तम तयार झालेला. पदे तिने कन्नड लिपीत उतरवून घेतली होती आणि एका दिवसात ती पाठही केली होती. तिला हे नुसते वाचणे फार जड गेले. आम्ही सर्वच मनातून कुरकुरत होतो. शेवटी एकाने विचारलेच, की संगीत नाटकात गाणे सोडून हे काय चालले आहे? मास्तरांनी शांतपणे सांगितले की जुन्या नाटक कंपन्यांत मुलांना असेच शिकवीत, आणि हे नाटक ज्यांनी लिहिले ते देवल स्वतः नावाजलेले तालीममास्तर होते.

देवल नाटककार होते एवढे आम्हांला शाळेपासून माहीत होते. ते मास्तर होते हे मात्र मला नवीन होते. तालमी संपल्यावर मी वाचनालयात जाऊन त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. वाचताना असे लक्षात आले की ज्याला आज आपण संगीत नाटकाचे शिक्षण म्हणू, त्याची एक मोठी शाळा या माणसाने चालवली. त्या शाळेला इमारत नव्हती, फीही नव्हती आणि पदवीही नव्हती. आणखी विशेष म्हणजे या शाळेचे पहिले धागे आपल्या बेळगावातच जुळलेले आहेत.

* * *

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूरला गेले. कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम तेथे आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि जमिनीखालच्या पेवांत हळद साठवणारे गाव म्हणून व्यापाऱ्यांत त्याची ख्याती आहे. सांगलीचे नाव घेतले की नाटकाचे नाव आपोआप येते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याला प्रेरणा झाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्माच्या वेळी कन्नड दाई हजर होती असे म्हटले तरी चालेल. आपल्या या दुभाषी अंकात हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

देवल शिकायला बेळगावला आले. तेथील शाळेत त्यांना जे शिक्षक लाभले त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. हेच पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणून प्रसिद्धीस आले. अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूर येथे झाला. घर मराठी आणि आजूबाजूचा मुलूख कन्नड, अशा वातावरणात ते वाढले. शिक्षणासाठी धारवाडला आणि पुण्याला गेले, पण अभ्यासापेक्षा नाटकाचाच नाद अधिक लागला. नाटक मंडळ्यांना पदे करून देण्यात परीक्षा मागे पडल्या. पुढे पोटासाठी बेळगावात शिक्षकाची नोकरी धरली, आणि वर्गात समोर बसलेल्या मुलांत हरिपूरचा गोविंदा होता.

आज आपण कोणत्या प्राध्यापकाच्या वर्गात बसतो याला फारसे महत्त्व देत नाही. हजेरी भरली की झाले. पण कधी कधी एका वर्गातली एक ओळख माणसाचे सगळे आयुष्य वळवून टाकते. देवलांच्या बाबतीत तसेच झाले. शाळा संपल्यावर तेही काही काळ बेळगावात शिक्षक होते. शिकवण्याची सवय जी तेथे लागली ती त्यांना अखेरपर्यंत सुटली नाही. फक्त वर्ग बदलला.

* * *

अण्णासाहेबांनी नेमके काय केले हे समजल्याशिवाय देवलांच्या तालमीचे महत्त्व कळत नाही. म्हणून थोडे विषयांतर करतो.

त्यापूर्वीच्या पौराणिक खेळांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणत असे. गाणारा एक आणि नाचणारे, बोलणारे दुसरे. पात्रांची भाषणेही बहुधा आयत्या वेळची असत. अण्णासाहेब पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीला असताना त्यांनी एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला, आणि असे गाते नाटक मराठीत का होऊ नये असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. त्यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. त्यात पदे होती दोनशेच्या आसपास! चाली कीर्तनातल्या होत्या, साकी-दिंडीच्या होत्या, लावणीच्या होत्या आणि कानडी मुलखातल्याही होत्या. पुढे १८८२ साली 'सौभद्र' आले. या नाटकांची पुस्तके आधी लिहून तयार असत आणि पात्रे आपापली पदे स्वतः म्हणत.

हा बदल ऐकायला लहान वाटतो, पण त्यामुळे नटाचे काम तिप्पट झाले. त्याला लिहिलेली भाषणे पाठ हवीत, गाणे हवे, आणि गाताना तो त्या पात्रासारखा दिसायलाही हवा. असा तयार माणूस बाजारात मिळेना. ज्यांना गाणे येई त्यांना बोलता येत नसे, आणि ज्यांना बोलता येई ते बेसूर! मग असे नट घडवण्यावाचून दुसरा उपाय राहिला नाही. तालीममास्तर नावाच्या माणसाची खरी गरज संगीत नाटकाला पडली ती येथे.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे भाऊराव कोल्हटकर. ते बडोद्याचे. १८८२ साली अण्णासाहेबांनी त्यांना आपल्या मंडळीत आणले तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान! आवाज उंच, निकोप आणि दूरवर पोचणारा. पण अभिनयाची ओळख नव्हती. हाच तरुण सुभद्रा म्हणून उभा राहिला आणि लोकांना त्याचे वेड लागले. 'भावड्या' म्हणून महाराष्ट्र त्याच्यावर प्रेम करू लागला.

अण्णासाहेबांना हे सुख फार दिवस लाभले नाही. 'रामराज्यवियोग' हे तिसरे संगीत नाटक अपुरे असतानाच २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. अवघी बेचाळीस वर्षांचे आयुष्य आणि त्यातली संगीत नाटकाची पाचच वर्षे. मागे राहिली ती एक भरभराटीची कंपनी, तीन नाटके आणि बेळगावचा एक विद्यार्थी.

* * *

देवल तोपर्यंत नुसते विद्यार्थी राहिले नव्हते. पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीत त्यांनी गद्य नाटकांत काम केले होते. ही मंडळी शिकलेल्या तरुणांची. तेथे शेक्सपिअरच्या नाटकांचे मराठी प्रयोग होत. त्यामुळे देवलांना दोन्ही विद्या अवगत झाल्या. अण्णासाहेबांकडून पदाची आणि चालीची, व गद्य रंगभूमीवरून भाषणाची आणि स्वाभाविक अभिनयाची. पुढे त्यांनी जे शिकवले त्याचे मर्म या जोडीत आहे.

त्यांची नाटके एकूण सात. पहिले 'दुर्गा' हे १८८६ सालचे, इंग्रजी नाटकाच्या आधाराने लिहिलेले गद्य शोकनाट्य. नंतर १८८७ मध्ये शूद्रकाचे 'मृच्छकटिक' त्यांनी मराठीत आणले. कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय' आणले. १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ते गाजवले. १८९३ मध्ये बाणाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' केले. सातांपैकी सहा नाटके अशी दुसऱ्यांच्या आधाराने झालेली आहेत. यावरून कोणी म्हणेल की यात स्वतःचे भांडवल थोडे आणि उसने फार. मला मात्र तसे वाटत नाही. मास्तराला मुलांसाठी पाठ तयार करावे लागतात. कोणत्या नटाच्या तोंडी कोणते वाक्य बसेल, कोणत्या गळ्याला कोणती चाल पेलेल, हे पाहून लिहिणारा माणूस कथानक कोठूनही घेवो, भाषा मात्र त्याला स्वतःची करावी लागते. देवलांची भाषा आजही घरात बोलल्यासारखी वाटते. त्यांच्या पदांत अन्वय लावत बसावे लागत नाही. सव्वाशे वर्षांनंतर आमच्यासारख्या मुलांना ती आठ दिवसांत तोंडात बसली, यापेक्षा निराळा पुरावा काय द्यावा?

आता त्या कंपनीतल्या विद्यार्थिजीवनाकडे वळू. कारण देवलांचे वर्ग भरत ते तेथे.

नाटक कंपनी म्हणजे एक फिरते वसतिगृहच असे. एका गावी मुक्काम पडला की मोठा वाडा भाड्याने घेत. आचारी कंपनीचा, पंगत कंपनीची, कपडेलत्ते कंपनीचे. मालक-नटापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सर्वांची व्यवस्था एकत्र. मुक्काम हलला की ट्रंका, पडदे, टोप, शालू यांचे ओझे बैलगाडीने किंवा आगगाडीने पुढच्या गावी. आज पुणे तर उद्या मिरज, नंतर बेळगाव, हुबळी, सोलापूर, मुंबई, आणि उत्तरेला बडोदा-इंदूरपर्यंत. यात आठ-दहा वर्षांच्या मुलांपासून मिसरूड फुटलेल्या तरुणांपर्यंत विद्यार्थी असत. सकाळी गळ्याची मेहनत. त्यानंतर नकला पाठ करणे. नक्कल म्हणजे त्या त्या पात्राच्या भाषणांची वेगळी उतरवून दिलेली वही. संपूर्ण पुस्तक प्रत्येकाच्या हाती पडत नसे. दुपारी तालीम. खेळाच्या रात्री मात्र जागरण ठरलेले, कारण नाटके पाच-पाच तास चालत, आणि वन्समोअर पडू लागले की पहाट व्हायची.

लहान मुले आधी सख्यांच्या घोळक्यात उभी राहत, विंगेतून मोठ्यांचे काम पाहत पाहत शिकत. एखादा नट आजारी पडला की त्या मुलाचे दैव उघडे. अशा रीतीने जे शिक्षण होई ते पक्के होई, यात शंका नाही. परीक्षा रोज रात्री आणि परीक्षक समोर हजार! पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळा सुटलेली असे. आईबाप दूर असत. आणि सर्वांत मोठी धास्ती आवाज फुटण्याची. मुलींची कामे करणाऱ्या मुलाचा गळा चौदाव्या-पंधराव्या वर्षी बदलला की त्याची सगळी किंमत एका हंगामात उतरे. ज्याला अभिनय येई तो पुरुषपात्राकडे वळे. ज्याच्याजवळ नुसता गोड गळाच होता त्याला रंगपटात कपडे घड्या करण्यावाचून काम उरत नसे. आम्हांला हिशेबाच्या पुस्तकात घसारा शिकवतात, यंत्राची किंमत वर्षावर्षाला कशी कमी धरायची ते. मुलाच्या गळ्याचा घसारा कोणत्याही वहीत लिहिलेला नसे. तो त्या मुलालाच सोसावा लागे.

येथे मला देवलांच्या तालमीचे खरे मोल दिसते. देवल शब्दावर, अर्थावर आणि साध्या, खऱ्या बोलण्यावर भर देत. पद हे भाषणाचेच पुढचे पाऊल आहे, गाण्याची बैठक नव्हे, हे त्यांचे धोरण त्यांच्या नाटकांच्या बांधणीतूनच दिसते. अशी तालीम मिळालेला मुलगा गळा फुटला तरी निकामी होत नसे. गणपतराव बोडस हे याचे मोठे उदाहरण. ते कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत आले. गायक म्हणून ते मोठे नव्हते, परंतु गाण्याच्या त्या राज्यात केवळ बोलण्याच्या आणि समजेच्या बळावर पहिल्या रांगेचे नट झाले, आणि देवलांच्या शिकवणीचे ऋण त्यांनी आदराने मान्य केले. भाऊराव कोल्हटकरांनी तर अखेरच्या काळात स्त्रीभूमिका सोडून नायकाचे काम घेतले. त्या नायकाचे नाव कोदंड, आणि ते नाटक 'शारदा'.

* * *

'शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला केला. देवलांचे हे एकुलते एक स्वतंत्र नाटक. तोपर्यंत संगीत नाटक म्हटले की राजे, ऋषी, अप्सरा आणि देव. देवलांनी प्रथमच आपल्या शेजारचे घर गात्या नाटकात आणले. श्रीमंत पण म्हातारा भुजंगनाथ, त्याला मुलगी मिळवून देणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित, पैशाला भुललेला बाप कांचनभट, रडण्यावाचून काही न करू शकणारी आई आणि या सौद्यात जिला कोणी विचारतच नाही ती शारदा. कोदंड हा बाणेदार तरुण ऐनवेळी वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आणतो आणि लग्न मोडते. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला तोच वाचवतो व शंकराचार्यांच्या आज्ञेने तिचे पाणिग्रहण करतो.

हे नाटक पाहून लोक ढसाढसा रडत, आणि जरठ वराला लोक चेष्टेने भुजंगनाथ म्हणू लागले. एक गैरसमज मात्र येथे दूर करायला हवा. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा जो कायदा झाला त्याला 'शारदा कायदा' म्हणतात, म्हणून तो देवलांच्या नाटकावरून पडलेला शब्द आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मीही शाळेत तसेच ऐकले होते. वस्तुतः तो कायदा मांडणारे राजस्थानातले हरबिलास सारडा यांचे ते आडनाव. मराठी माणसाने 'सारडा'ची 'शारदा' करून टाकली. अर्थात ही चूक का झाली असेल याचा विचार केला तर ती चूकही देवलांच्या मोठेपणाची पावतीच ठरते. तीस वर्षे ज्या मुलीचे गाऱ्हाणे गावोगाव गायले गेले, तिचेच नाव लोकांना आठवले.

परंतु कांचनभटाचे काम करताना मला आणखी एक गोष्ट टोचू लागली. शारदेचे काम करायला त्या काळी मुलगे असत. दहा-बारा वर्षांचा मुलगा रंगभूमीवर येई आणि आपल्याला न विचारता वडील माणसांनी आपले आयुष्य कसे ठरवून टाकले हे मुलीच्या तोंडाने सांगे. प्रेक्षक डोळे पुसत. पण त्या मुलाला तरी कोणी विचारले होते काय? त्यालाही पुष्कळदा घरच्या गरिबीमुळे, ज्या वयात पाटी-पेन्सिल हाती असायची त्या वयात कंपनीत घातलेले असे. केशवराव भोसले यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला आणि शारदेच्या भूमिकेनेच त्याचे नाव झाले. पुढे १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' ही मंडळी काढली आणि ते मोठे गायक-नट झाले. पण एक केशवराव वर आला म्हणून जी मुले सख्यांच्या घोळक्यातच राहून गेली त्यांचा हिशेब मिटत नाही. त्यांची नावे हस्तपत्रिकेवर कधी छापली गेली नाहीत.

देवलांना हा विरोधाभास जाणवला होता काय, हे त्यांच्या नाटकांवरून सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की मुलाला पोपटासारखे पढवायचे की शहाणे करायचे हे मास्तराच्या हातात असते, आणि देवल दुसऱ्या वाटेने गेले.

* * *

१९०५ साली किर्लोस्कर मंडळीत एक सतरा वर्षांचा तरुण आला. नारायण श्रीपाद राजहंस. त्याने पहिली भूमिका केली ती मिरजेला, शकुंतलेची. गळा देवाने दिलेला होता आणि 'बालगंधर्व' हे नावही तोपर्यंत चिकटलेले होते. तरीसुद्धा त्याला भूमिका शिकवायला देवल होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या नाटकाने संगीत रंगभूमी सुरू झाली, तेच नाटक अण्णासाहेबांच्या शिष्याने नव्या पिढीच्या हाती दिले. गाण्याची तालीम पुढे भास्करबुवा बखल्यांकडे होती, पण बोलणे, थांबणे, पाहणे, हसणे, स्त्रीची मर्यादा रंगभूमीवर सांभाळणे, हा पाया देवलांचा. बालगंधर्वांच्या गाण्याइतकेच त्यांचे गद्य बोलणेही लोकांना प्रिय होते, याचे कारण येथे सापडते.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. देवलांनी फार वर्षांपूर्वी, १८९३ च्या सुमारास, एका इंग्रजी प्रहसनाच्या आधाराने फाल्गुनरावाच्या संशयी स्वभावाचे एक गद्य नाटक लिहिले होते. ते मूळ आर्थर मर्फी याचे, आणि मर्फीनेही कल्पना घेतलेली फ्रेंच नाटककार मोलिएरकडून. आता देवलांनी त्यात पदे घातली आणि 'संगीत संशयकल्लोळ' तयार झाले. इतके हलकेफुलके, निर्मळ विनोदाचे नाटक साठीच्या घरातल्या माणसाने सजवले, याचे आश्चर्य वाटते. १४ जून १९१६ रोजी देवल वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गंधर्व मंडळीने 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. बोडसांचा फाल्गुनराव अमर झाला. नाटक आजही महाराष्ट्रात, गोव्यात, जिथे जिथे संगीत नाटकाची हौस शिल्लक आहे तिथे तिथे होते. त्या पहिल्या रात्री टाळ्या घ्यायला मास्तर नव्हते.

* * *

आपल्या कन्नड विभागातील मित्रांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. धारवाड-गदगकडे मराठी मंडळ्यांचे खेळ जोरात होऊ लागले तेव्हा कन्नड भाषेचे स्वतःचे नाटक हवे या ईर्ष्येने शांतकवी पुढे आले आणि तेथेही मंडळ्या उभ्या राहिल्या. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी अशाच एका कन्नड नाटक कंपनीत गात होते. तेथे त्यांचा आवाज मिरजेच्या नीलकंठबुवांच्या कानी पडला आणि बुवांनी त्यांना शिष्य केले. म्हणजे भाषा निराळ्या, पण शाळा एकाच जातीच्या होत्या, आणि विद्यार्थीही इकडून तिकडे जात होते.

बोलपट आले, कंपन्या बुडाल्या, त्या फिरत्या शाळाही संपल्या. आज हे शिक्षण रीतसर मिळते. कर्नाटकात हेग्गोडु येथे नीनासमची नाट्यशिक्षण संस्था १९८० साली सुरू झाली, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली निघाले. तेथे वेळापत्रक आहे, प्रमाणपत्र आहे, आणि मुलगा किंवा मुलगी आपल्या इच्छेने जाते. ही सुधारणा मोठी आहे. जुन्या कंपनीचे गोडवे गाताना ती विसरू नये. परंतु शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय सूर लावायचा नाही, हा जो धडा बेळगावच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने घालून दिला तो कोणत्याही अभ्यासक्रमात पहिलाच ठेवावा लागेल असे मला वाटते.

आता आमच्या प्रयोगाचे सांगून संपवतो. नवव्या दिवशी मास्तरांनी पेटी उघडली. ती मुलगी पद म्हणू लागली आणि दुसऱ्या ओळीलाच थांबली. तिला रडू आले होते. पद तिला आधीपासून पाठ होते, पण अर्थ त्या दिवशी कळला होता. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी तिला पाणी दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रयोगाच्या रात्री तिने ते पद न रडता म्हटले, आणि रडले ते समोरचे लोक. मी कांचनभट म्हणून तिच्या शेजारी उभा होतो. मला तिच्याकडे पाहणे अवघड झाले होते.

ताळेबंदात ख्यातिमूल्य नावाची एक रक्कम दाखवतात. ती मोजता येत नाही, हाती धरता येत नाही, पण धंदा तिच्यावर चालतो. मराठी रंगभूमीच्या ताळेबंदात गोविंद बल्लाळ देवलांची रक्कम मला त्या सदरात दिसते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर पेटीवाल्याचे, तबलेवाल्याचे, पडदा ओढणाऱ्याचेही नाव होते. तालीममास्तरांचे नाव छापायचे आम्ही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांना ते आठवतही नव्हते. माझे तिसरे वाक्य घाईत पडले, तेवढे मात्र त्यांनी लक्षात ठेवले होते.